परदेशातलं नगरपालिकेचं मत: देता का? आणि उभं राहाल का?

कालव्याकाठचा

मंडळी, १८ मार्च २०२६ ला नेदरलँड्समध्ये नगरपालिकांच्या निवडणुका आहेत. आमच्या अॅमस्टेलव्हीनच्या मराठी व्हॉट्सअॅप ग्रुपवर त्यावरून सध्या चांगलीच जुंपली आहे. तिथे सलग काही बोलता येत नाही, मध्येच कुणीतरी सुप्रभात टाकतो आणि मुद्दा वाहून जातो. म्हणून इथे धागा काढतोय.

ज्यांना कल्पना नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. इथे सलग पाच वर्षं कायदेशीर वास्तव्य झालेल्या कुठल्याही परदेशी माणसाला 'गेमेंटे'च्या, म्हणजे नगरपालिकेच्या, निवडणुकीत मत देता येतं. उभंही राहता येतं. युरोपियन युनियनच्या नागरिकांना पाच वर्षांची अटही नाही. १९८३ मध्ये घटना बदलली, १९८५ मध्ये कायदा झाला आणि १९८६ च्या निवडणुकीत परदेशी रहिवाशांनी पहिल्यांदा मत दिलं. प्रांताच्या आणि संसदेच्या निवडणुकीत मात्र आपल्याला मत नाही.

नोंदणीची कटकट नाही. राहता पत्ता नगरपालिकेत नोंदलेला असतोच, त्यावरून 'स्टेमपास', म्हणजे मतदानाचं पत्र, पोस्टानं घरी येतो. तो आणि ओळख पटवायला आपलं रेसिडेन्स कार्ड घेऊन जायचं. आत गेलं की मतपत्रिका उलगडता उलगडत नाही, कारण सगळ्या पक्षांचे सगळे उमेदवार नावानिशी छापलेले असतात. एका नावापुढचा गोल लाल पेन्सिलीनं रंगवायचा, घड्या घालून पेटीत टाकायचं, संपलं. ईव्हीएमचा वाद घालायची सोय नाही.

ग्रुपवर काहींचं म्हणणं, आपण इथे नोकरीसाठी आलेली माणसं, दुसऱ्याच्या घरात नाक खुपसू नये. काहींचं म्हणणं, यादीत आपला माणूस आहे, सगळ्यांनी डोळे मिटून त्यालाच द्या. मला दोन्ही पटत नाही. कचऱ्याचा कर मी भरतो, शिपोलच्या विमानांचा आवाज मी ऐकतो, पोरीच्या शाळेपुढची सायकलची वाट रुंद करायची की नाही हे ठरतं तेव्हा मला बोलायचं असतं. पण 'आपला माणूस' हे कारण मला पुरत नाही.

तुम्ही जिथे आहात तिथे काय नियम आहेत? मत देता का? कुणी उभं राहिलंय का?

पेठेतला

रुमाल टाकून ठेवतो. जानेवारीत पुण्यात महापालिकेचं मतदान झालं. त्याआधी मार्च २०२२ पासून प्रशासकच कारभार बघत होता. म्हणजे तुम्ही परदेशी असून नगरसेवक निवडता आणि आम्ही जन्मानं पुणेकर असून जवळपास चार वर्षं बिननगरसेवकाचे होतो. चालू द्या.

लिफीकाठची

पाच वर्षं? आमच्याकडे तीही अट नाही! आयर्लंडमध्ये १९६३ च्या कायद्यापासून स्थानिक निवडणुकीत मताला राष्ट्रीयत्व लागतच नाही. वय अठरा पूर्ण आणि पत्ता इथला, एवढंच. पासपोर्ट कुठलाही असो. आश्रय मागायला आलेला माणूस, ज्याचा अर्ज अजून लोंबकळतोय, तोसुद्धा मत देऊ शकतो आणि उभाही राहू शकतो.

यात एक गंमत आहे, गंमत म्हणावी का कळत नाही. ११ जून २००४ ला इथे एकाच दिवशी दोन मतदानं झाली. एक स्थानिक निवडणूक. त्यात पोर्टलीशच्या नगर परिषदेवर रोतिमी अडेबारी निवडून आले. नायजेरियातून २००० मध्ये आश्रय मागायला आलेला हा माणूस. पुढे २००७ मध्ये ते त्या गावाचे महापौर झाले, आयर्लंडचे पहिले कृष्णवर्णीय महापौर. आणि त्याच दिवशी दुसरं मतदान होतं ते सार्वमत, इथे जन्मलेल्या प्रत्येक मुलाला आपोआप नागरिकत्व मिळायचं ते बंद करावं का यावर. सुमारे ७९ टक्के लोकांनी बंद करा म्हणून सांगितलं. एकाच शाळेत, एकाच रांगेत उभं राहून. गावाच्या परिषदेत परदेशी माणूस चालतो, देशाच्या वहीत नाव चढवायचं म्हटलं की हात आखडतो.

अलीकडचं सांगायचं तर २०२४ च्या निवडणुकीनंतर साउथ डब्लिनचे महापौर झाले ते बेबी पेरेप्पाडन, मूळचे केरळचे. मल्याळी मंडळी इथे दवाखान्यांमध्ये नर्सिंगमध्ये भरपूर आहेत आणि संघटित आहेत. आपण मराठी लोक गणपतीला तीनशे आणि मतदारयादीत नाव घालायला सांगितलं की "अगं बघते" म्हणणारे.

कारण इथे नेदरलँड्ससारखं आपोआप होत नाही, नाव स्वतः नोंदवावं लागतं. तिथेच आपलं घोडं पेंड खातं.

शंकेखोर

धागा चांगला आहे, पण सगळे एकाच सुरात गाताहेत म्हणून काडी टाकतो.

१. पाच वर्षांनी नेदरलँड्समध्ये नागरिकत्वासाठीही अर्ज करता येतो ना? मग ज्याला गावाच्या कारभारात बोलायचंय त्यानं नागरिक व्हावं. भारतीय पासपोर्ट सोडवत नाही आणि इथला नगरसेवकही व्हायचंय, ही दोन डगरींवर पाय ठेवण्याची तऱ्हा झाली.

२. आपल्या सोसायटीत भाडेकरू मेंटेनन्स देतो, पाणी त्याचंही जातं, लिफ्ट त्याचीही बंद पडते. म्हणून त्याला वार्षिक सभेत हात वर करू देतो का आपण? नाही. मग तिकडे का मागायचं?

३. भारतात कुठल्या डच माणसाला महापालिकेत मत आहे? परतफेड नको का?

कालव्याकाठचा

@शंकेखोर, काडी स्वीकारली.

१. अर्ज करता येतो हे खरं. भाषेची आणि समाजाची परीक्षा द्यायची, तीही देतात लोक. पण डच पासपोर्ट घेतला की भारतीय नागरिकत्व त्याच क्षणी जातं, आपल्याच कायद्यानं. आई-वडील तिकडे थकलेले, उद्या कायमचं परतायचं की नाही हे ठरलेलं नाही, अशी निम्मी घरं आहेत इथे. दुहेरी नागरिकत्व भारत देत असता तर तुमचा मुद्दा बिनतोड होता.

२. सोसायटीतला भाडेकरू सभेला नसतो, पण महापालिकेला त्याचं मत असतं की! वार्डात राहतो म्हणून. त्यासाठी तो फ्लॅटचा मालक आहे का हे कुणी विचारत नाही. मी सोसायटीचं मागत नाहीये, वार्डाचं मागतोय.

३. परतफेडीचं उत्तर कायद्यातल्या जाणकारानं द्यावं.

काळा_कोट

हाक मारलीत म्हणून आलो. (नागपूर खंडपीठ, दिवाणी बाजू. घटनातज्ज्ञ नाही, पण कलमं वाचता येतात.)

आपल्याकडचं चित्र असं. घटनेचं कलम ३२६ नागरिकांना मताधिकार देतं, पण ते बोलतं फक्त लोकसभा आणि विधानसभांबद्दल. पंचायती आणि नगरपालिका तिथे नाहीत. त्या ७३ व्या आणि ७४ व्या दुरुस्तीनं आल्या आणि मतदार कोण हे राज्याच्या कायद्यांवर सोडलं गेलं. राज्यांनी सोपा मार्ग धरला, विधानसभेची यादी तीच आमची यादी. आणि त्या यादीत परदेशी माणूस येऊच शकत नाही, कारण १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १६ मध्ये पहिलीच अपात्रता "भारताचा नागरिक नसणे" ही आहे.

उमेदवारीचं दार त्याहून घट्ट बंद आहे. कलम २४३-एफ आणि २४३-व्ही सांगतात की जो विधानसभेला अपात्र तो पंचायतीला आणि पालिकेलाही अपात्र. नागरिक नसणं ही विधानसभेची अपात्रता आहेच. म्हणजे मत देणं हा राज्याच्या कायद्याचा प्रश्न, निदान कागदावर. उभं राहणं थेट घटनेचा. कुणी राज्य सरकार मनावर घेईल असं मी म्हणत नाहीये, लगेच धावून येऊ नका.

ओसीआय कार्डवाल्यांसाठी (म्हणजे परदेशी नागरिकत्व घेतलेले मूळचे भारतीय): नागरिकत्व कायद्याच्या कलम ७ब मध्ये स्पष्ट लिहिलंय, मत नाही. दर वेळी कुणीतरी विचारतंच, म्हणून आधीच सांगितलं.

अनिवासी भारतीयांना, म्हणजे पासपोर्ट भारतीयच आहे अशांना, २०१० च्या दुरुस्तीनं मत मिळालं, पण मतदानाच्या दिवशी स्वतः केंद्रावर हजर राहायचं. दुसऱ्याकरवी मत देण्याचं विधेयक २०१८ मध्ये लोकसभेत मंजूर झालं होतं. राज्यसभेत मंजूर व्हायच्या आत लोकसभाच विसर्जित झाली आणि ते बुडालं.

लिफीकाठची

@काळा_कोट, म्हणजे कालव्याकाठच्यांना अॅमस्टेलव्हीनमध्ये चालत जाऊन मत देता येतं आणि पुण्याला द्यायचं तर विमानाचं तिकीट काढायचं. बरं आहे.

तिबेटी लोकांचं काय? आमच्या ओळखीचे एक तिबेटी काका मत देतात असं ऐकलं होतं.

काळा_कोट

ते परदेशी म्हणून नाही, नागरिक म्हणून देतात. २६ जानेवारी १९५० ते १ जुलै १९८७ या काळात जो भारतात जन्मला तो जन्मानंच नागरिक, आई-वडील कुणीही असोत. कर्नाटक उच्च न्यायालयानं २०१३ मध्ये हे तिबेटींनाही लागू आहे असं सांगितलं आणि २०१४ मध्ये निवडणूक आयोगानं त्यांची नावं घ्यायला सांगितली. आपल्या गोंदियात गोठणगावजवळ तिबेटी वसाहत आहे, तिथल्या लोकांनाही हेच लागू. पण स्वतः तिबेटमधून आलेली पिढी यात बसत नाही. एकाच घरात मुलाला मत आणि आजोबांना नाही.

म्हापसेकार

एकाच घरात म्हणालात म्हणून लिहितो, नाहीतर नुसता वाचत होतो.

मी इंग्लंडात स्विंडनला आहे. इथे गोंयकार चिक्कार. बहुतेक सगळे पोर्तुगीज पासपोर्टवर आलेले. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगतो: १९ डिसेंबर १९६१ च्या आधी गोव्यात जन्मलेला माणूस पोर्तुगालच्या कायद्यानं त्यांचा नागरिक. त्याची मुलं, नातवंडंही जन्माची नोंद लिस्बनला करून पासपोर्ट काढू शकतात. तो काढला की भारताचं नागरिकत्व गेलं. आमच्या गावात निम्म्या घरांना कुलपं आहेत ती अशी.

तर माझा भाऊ पोर्तुगीज पासपोर्टवर, वहिनी भारतीय पासपोर्टवर. जून २०१६ ला ब्रेक्झिटचं सार्वमत आलं. ज्याचं पोट त्या निकालावर अवलंबून, जो युरोपियन नागरिक म्हणून इथे राबत होता, त्या भावाला मत नाही. आणि वहिनीला आहे! कारण भारत कॉमनवेल्थमध्ये, म्हणजे ब्रिटनच्या जुन्या वसाहतींच्या राष्ट्रकुलात. आयर्लंड, माल्टा आणि सायप्रस सोडून युरोपियन युनियनच्या कुठल्याच नागरिकाला त्या सार्वमतात मत नव्हतं. भारतातून आलेल्या, इथे कायदेशीर राहणाऱ्या कुणालाही होतं. वहिनी त्या दिवशी कामावरून येताना मत देऊन आली आणि भाऊ घरी तिला विचारतो, "माझं काय केलंस?" स्विंडननं 'बाहेर पडा'च्या बाजूनं कौल दिला तो वेगळाच.

आता नगरपालिकेचं. तिथे उलट होतं, युरोपियनांनाही मत होतं, भावालाही होतं. ब्रेक्झिटनंतर २०२२ च्या कायद्यानं इंग्लंडमध्ये ते आवळलं. २०२० संपायच्या आधीपासून जे इथे आहेत त्यांचं राहिलं. नंतर आलेल्यांपैकी ज्या देशांशी ब्रिटननं करार केला त्यांचंच राहिलं: पोर्तुगाल, स्पेन, पोलंड, लक्झेंबर्ग, डेन्मार्क. म्हणजे काल आलेल्या जर्मन माणसाला मत नाही आणि काल आलेल्या म्हापशाच्या पोराला आहे, कारण त्याच्या आजोबाच्या जन्माची नोंद लिस्बनला आहे.

शंकेखोर तत्त्व विचारतात. तत्त्व कसलं आणि काय. कोण कुणाचा राजा होता यावर हे सगळं ठरलंय.

पेठेतला

म्हापसेकार, दंडवत! या प्रतिसादाचा स्वतंत्र लेख करा.

रेशीमगाठ

मी पहिल्यांदाच लिहितेय. लंडनला हॅरोमध्ये राहते, एमएस्सी करतेय, स्टुडंट व्हिसा. वर वाचून चक्रावले. म्हणजे मलासुद्धा मत आहे?? सप्टेंबरमध्येच आलेय. आमच्या वर्गातल्या चिनी मैत्रिणीला नाही आणि मला आहे?

म्हापसेकार

होय बाय. कॉमनवेल्थचा नागरिक आणि कुठल्याही प्रकारची राहायची परवानगी असली की झालं. नगरपालिकेलाच नाही, पार्लमेंटलासुद्धा. १९४८ पर्यंत हिंदुस्थानी माणूस कायद्यानं ब्रिटिश प्रजाच होता, साम्राज्य गेलं तरी मताचा हक्क मागे राहिला. दादाभाई नौरोजी १८९२ ला फिन्सबरीतून पार्लमेंटवर गेले ते त्याच नात्यानं. मात्र तुला उभं राहता येणार नाही. २००६ पासून त्यासाठी कायम वास्तव्याची परवानगी लागते.

शंकेखोर

हे बघा, माझाच मुद्दा सिद्ध होतोय. वर कालव्याकाठचा म्हणतात "कर भरतो म्हणून मत". ब्रिटनमध्ये पूर्ण वेळ शिकणाऱ्या विद्यार्थ्याला कौन्सिल टॅक्स माफ असतो. रेशीमगाठ यांनी कराचा एक पेन्स भरला नाही, वर्षानं परतही जातील, आणि मत आहे. तिथे पंधरा वर्षं कर भरणाऱ्या चिनी दुकानदाराला नाही. कर हा आधार धरला तर दोघांचं उलटं व्हायला हवं.

रेशीमगाठ, राग मानू नका, तुमच्यावर नाही बोलत.

रेशीमगाठ

नाही हो, खरंच आहे ते. पण बिन्स वेळेवर उचलत नाहीत याचा त्रास मला पण होतो ना!

इसारच्या_तीरी

म्युनिकहून. आमच्याकडे सोपं आहे: नाही.

का नाही ते ऐका. १९८९ मध्ये उत्तरेकडच्या श्लेस्विग-होल्स्टाइन राज्यानं आपल्या नगरपालिकांमध्ये सहा देशांच्या लोकांना पाच वर्षांच्या वास्तव्यानंतर मत द्यायचा कायदा केला. डेन्मार्क, स्वीडन, नॉर्वे, नेदरलँड्स, आयर्लंड, स्वित्झर्लंड. शंकेखोरांचीच परतफेड: जे आमच्या लोकांना देतात त्यांना आम्ही देऊ. हॅम्बुर्गनंही आठ वर्षं राहिलेल्यांना जिल्हा सभांसाठी दिलं. ३१ ऑक्टोबर १९९० ला घटना न्यायालयानं दोन्ही कायदे रद्द केले. म्हणणं असं की सत्ता जनतेकडून येते असं घटना म्हणते आणि ती जनता म्हणजे जर्मन नागरिक, मग ते गाव असो की देश.

आणि दोनच वर्षांत काय झालं? युरोपियन युनियनचा मास्ट्रिख्ट करार झाला, घटनाच दुरुस्त केली आणि युरोपियन नागरिकांना नगरपालिकेत मत मिळालं. म्हणजे १९९० ला जे तत्त्वाविरुद्ध होतं ते १९९२ ला चाललं. आज म्युनिकला उतरलेला फ्रेंच माणूस काही महिन्यांत नगरपालिकेला मत देतो आणि गेस्ट वर्कर म्हणून आलेला, इथेच म्हातारा झालेला तुर्की कामगार त्याच्या शेजारी बसून बघत राहतो.

आमच्यासारख्यांसाठी एक सल्लागार मंडळ असतं, परदेशी रहिवाशांनी निवडलेलं. ठराव करतं, पत्रं पाठवतं. नगरपालिका आभार मानते.

जर्सीवाली

अमेरिकेतल्या लोकांसाठी आधी धोक्याची सूचना, मग गप्पा. ग्रीन कार्ड किंवा एच-वन-बी असताना मतदार नोंदणीच्या फॉर्मवर चुकूनही सही करू नका. ड्रायव्हिंग लायसन्सच्या खिडकीवर सहज विचारतात, "वोटर रजिस्ट्रेशन पण करायचं का?" आणि माणूस बरं म्हणून बसतो. सिटिझनशिपच्या अर्जात थेट प्रश्न असतो, कधी मत दिलंय का, कधी नाव नोंदवलंय का. या एका खुणेपायी लोकांची प्रकरणं अडकलेली आहेत.

आता गप्पा. न्यूयॉर्क शहरानं २०२१ च्या शेवटी कायदा मंजूर केला होता, ग्रीन कार्ड आणि वर्क परमिटवाल्यांना शहराच्या निवडणुकीत मत. आठेक लाख लोक येत होते त्यात. आम्ही नदीपलीकडे बसून जळत होतो. पण एकाही निवडणुकीत तो लागू झाला नाही. कोर्टात गेला, प्रत्येक पायरीवर हरला आणि मार्च २०२५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं कायमचा निकालात काढला: राज्यघटनेत नागरिक म्हटलंय तर नागरिकच. वॉशिंग्टनजवळचं टाकोमा पार्क नावाचं छोटं गाव मात्र १९९२ पासून आपल्या परदेशी रहिवाशांना मत देतंय. मेरिलंडच्या कायद्यात गावांना ती मोकळीक आहे.

आणि हे काही नवीन खूळ नव्हे. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत "मला नागरिक व्हायचंय" एवढं लिहून दिलेल्या परदेशी माणसाला मत होतं. वस्ती वाढवायची होती, शेतीला माणसं हवी होती. गरज सरली तशी एकेका राज्यानं काढून घेतलं. शेवटचं आर्कान्सा, १९२६.

निशिकासाईकर

जपानमधली बाजू. इथे कायद्यानं मत नाही, पण दार पुरतं बंदही नाही. २८ फेब्रुवारी १९९५ ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की परदेशी रहिवाशाला घटनेनं हा हक्क दिलेला नाही, पण संसदेनं कायदा करून कायम रहिवाशांना स्थानिक मत दिलं तर घटना आड येणार नाही. खटला घातला होता तो इथेच जन्मलेल्या कोरियन लोकांनी, ज्यांचे आई-बाप जपानी राजवटीत आले. त्याला तीस वर्षं होऊन गेली, कायदा झालेला नाही. दक्षिण कोरियानं मात्र २००५ मध्ये कायदा करून टाकला. कायम वास्तव्य मिळून तीन वर्षं झालेल्यांना २००६ पासून स्थानिक मत आहे. उमेदवारी नाही.

मराठी माणसांना माहीत असायला हवं असं एक नाव: योगेंद्र पुराणिक, आपल्या अंबरनाथकडचे. २०१९ मध्ये तोक्योच्या एदोगावा वॉर्डाच्या सभेवर निवडून आले, जपानमध्ये निवडून आलेले पहिले भारतीय वंशाचे. पण त्यासाठी त्यांनी आधी जपानी नागरिकत्व घेतलं होतं. शंकेखोर म्हणतात तो रस्ता, आणि तो चालला.

शंकेखोर

धन्यवाद निशिकासाईकर. आता खरी काडी टाकतो.

इथले निम्मे आयडी मुंबईत यूपी-बिहारच्या माणसानं मत दिलं, नगरसेवक निवडून आणला, की दुसऱ्या धाग्यांवर काय लिहितात ते मी वाचलेलं आहे. तो तर भारताचा नागरिक आहे. त्याचा हक्क घटनेनं दिलेला आहे, उपकार नाही. आणि तेच आयडी इथे अॅमस्टेलव्हीन, डब्लिन, न्यूयॉर्कला "राहतो तिथे मत हवं" म्हणताहेत. दादरला एक आणि डब्लिनला दुसरं?

पेठेतला

आता खरा धागा सुरू झाला. +१

व्यवस्थापक

धाग्याचा विषय परदेशी रहिवाशांचे स्थानिक हक्क असा आहे. मुंबईच्या राजकारणावर आधीच भरपूर धागे आहेत, तिकडे जावे. वैयक्तिक शेरे असलेले काही प्रतिसाद उडवले आहेत.

लिफीकाठची

व्यवस्थापक, उत्तर देते आणि थांबते. शंकेखोरांचा प्रश्न रास्त आहे आणि मला तो टोचला. माझ्यापुरतं उत्तर: दादरलाही तेच. भाषा शिकावी असं मी दोन्हीकडे म्हणेन, पण मताची अट म्हणून नाही, शेजारधर्म म्हणून. इथे दारावर जो उमेदवार येतो तो माझं इंग्रजी तपासत नाही. वही काढतो, गल्लीतला कुठला दिवा बंद आहे ते लिहून घेतो आणि "पहिला नंबर दुसऱ्या कुणाला देणार असाल तर मला दुसरा द्या" म्हणून जातो. आमच्याकडे पसंतीचे क्रमांक असतात ना, दुसऱ्या नंबरावरही माणूस निवडून येतो. त्यामुळे परदेशी मतदाराला तोडून बोलणं कुणालाच परवडत नाही.

बर्फाळ

स्टॉकहोमहून उशिरा येतोय. स्वीडननं १९७६ पासून दिलंय, तीन वर्षं सलग नोंद हवी. आमच्याकडे तिन्ही निवडणुका एकाच दिवशी, यंदा १३ सप्टेंबरला. पिवळी मतपत्रिका संसदेची, निळी प्रादेशिक, पांढरी नगरपालिकेची. केंद्रावर सगळ्या मांडून ठेवलेल्या असतात. पिवळीला आपण हात लावायचा नाही, निळी आणि पांढरी घ्यायची. पुढे रांगेतली स्वीडिश आजी तिन्ही लिफाफे घेऊन उभी, मागे मी दोन घेऊन. नागरिकत्वाचा फरक इतका स्वच्छ हातात धरून मी दुसरीकडे कुठेच उभा राहिलेलो नाही.

आणि निळीला कमी समजू नका. दवाखाने, इस्पितळं, लोकल, बस सगळं प्रदेशाकडे. पिवळीपेक्षा माझ्या रोजच्या जगण्याचा जास्त भाग निळीत आहे.

कालव्याकाठचा

सगळ्यांचे आभार, मी विचारलं त्याहून बरंच जास्त मिळालं.

'आपला माणूस' या मुद्द्यावर परत येतो, कारण ग्रुपवर त्यावरूनच भांडण आहे. इथे यादीतल्या खालच्या माणसालाही वर आणता येतं. एकोणीस किंवा अधिक जागांच्या परिषदेत एका जागेला जितकी मतं लागतात त्याच्या चौथा हिस्सा जर एखाद्या उमेदवाराला त्याच्या नावावर मिळाली, तर पक्षानं त्याला विसाव्या नंबरवर टाकलेलं असलं तरी तो पुढे सरकतो, अर्थात पक्षाला जागा मिळाल्या असतील तर. हा हिशोब पक्षांना पाठ आहे. म्हणून निवडणूक आली की यादीच्या शेपटाला एकदोन भारतीय, एकदोन तुर्की नावं दिसू लागतात. दिवाळीला समोसे खाऊन फोटो काढून जातात. आपण हौसेनं सगळी मतं तिथे ओततो. ती मोजली जातात पक्षाच्या खात्यात, आणि माणूस चौथ्या हिश्शाच्या अलीकडे राहिला तर परिषदेत जातो पक्षाचा वरचा उमेदवार, ज्याचं घरांबद्दलचं धोरण आपण वाचलेलंही नसतं.

म्हणून मी ग्रुपवर एवढंच म्हटलं की त्या उमेदवाराला बोलवा आणि विचारा: भाड्याची घरं, शाळेतल्या जागा, शिपोल, यावर तुमच्या पक्षानं मागच्या चार वर्षांत परिषदेत काय केलं? उत्तर आलं तर मत द्या. त्यावर मला "मराठी माणूसच मराठी माणसाचे पाय ओढतो" असं ऐकवण्यात आलं. असो.

उभं राहण्याचं म्हणाल तर, परिषदेची कागदपत्रं डचमध्ये, सभा संध्याकाळी, त्या रात्रीपर्यंत चालतात. पगारी नोकरी सांभाळून करायचं काम. माझं डच अजून बेकरीत चालतं, अर्थसंकल्पात नाही चालणार. पण बायकोचं चालेल. ती इथल्या शाळेत शिकवते. तिला एका पक्षानं विचारलंय, ती विचार करतेय.

शंकेखोर

वहिनी उभ्या राहिल्या तर कळवा. माझा विरोध तत्त्वाला आहे, वहिनींना नाही. (हलकेच घ्या.)

इसारच्या_तीरी

वहिनींना शुभेच्छा. आणि पाच वर्षांनी नागरिकत्वाचं म्हणाल तर जर्मनीनं २०२४ मध्ये आपल्या बाजूनं दुहेरी नागरिकत्व खुलं केलं. आता अडकलंय ते दिल्लीत.

रेशीमगाठ

शेवटचा प्रश्न, मग गप्प बसते. हॅरोला ७ मेला निवडणूक आहे असं कळलं. नाव कुठे घालायचं? आणि ओळखपत्र काय नेऊ? इथलं लायसन्स नाहीये माझ्याकडे.

म्हापसेकार

सरकारच्या साइटवर ऑनलाइन होतं, पाच-दहा मिनिटांचं काम. नॅशनल इन्शुरन्स नंबर विचारतील, नसला तर नाही म्हणून कारण लिही, मग कौन्सिल कागद मागेल तेवढे पाठव. राष्ट्रीयत्वात 'इंडियन' लिही, घाबरू नको. मतदानाला फोटोचं ओळखपत्र आता सक्तीचं आहे, पण कॉमनवेल्थ देशाचा पासपोर्ट चालतो, म्हणजे तुझा चालतो. नोंदणीची मुदत एप्रिलच्या मध्यावर कधीतरी संपेल, तेव्हा परीक्षा झाल्यावर बघते असं करू नको. आणि वर्गातल्या इतर भारतीय पोरांनाही सांग. त्यांना माहीतच नसतं.

देव बरें करूं.

रेशीमगाठ

झालं! भरला फॉर्म. आमच्या फ्लॅटमध्ये एक बांगलादेशी आणि एक नायजेरियन मुलगी आहे, त्यांनाही चालतं ना?

म्हापसेकार

दोन्ही कॉमनवेल्थ. चालतं.